पाठकोरा कागद चालणार नाही

ऑगस्टमधला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. जमा वर्गणी दोनशे वीस रुपये. हजर अकरा: नऊ शिक्षिका, मी आणि कुंदाआत्या. जागा रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातली तिची पुढची खोली. वर्गणी माणशी वीस, त्यात घरमालकिणीलाही सूट नव्हती आणि तिच्या भाच्यालाही. मी कुंदाआत्याला चांगली, बोलती, रागावती पाहिली ती शेवटची या बैठकीत. त्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी साडेसातला शेजारच्यांचा फोन आला. आंघोळ करून ती खुर्चीत बसली होती, चहा ठेवायला उठलीच नाही. वय चौऱ्याहत्तर. दुखणं नाही, दवाखाना नाही, कोणाला जागरण नाही... लोक म्हणाले, भाग्याचं मरण. असेल. मी मात्र लगेच लिहायला बसलो नाही. आयुष्याचं शेवटचं वर्ष तिने ज्या एका कामात घातलं, त्याचा शेवटचा कागद अजून हाती यायचा होता. तो आता आला आहे, म्हणून लिहितो.

कुंदाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. रायपूर आणि आसपासच्या सरकारी प्राथमिक शाळांत तिने छत्तीस वर्षं हिंदी शिकवली. आमच्या घरात मराठी, शाळेच्या पुस्तकात हिंदी आणि वर्गातल्या पोरांच्या तोंडी छत्तीसगढी. आमच्याकडे याचं कोणाला नवल नाही, सगळे तीन भाषांत भांडतात. पण आत्याचं म्हणणं असं की पोराला वाचायला शिकवताना आपण त्याच्यावर दोन कामं एकदम टाकतो, अक्षरही नवं आणि शब्दही नवा. पुस्तकातला तालाब त्याने कधी पाहिलेलाच नसतो, त्याच्या घरामागे तरिया असते, तळं तेच. म्हणून तिने एका पानाचे पाठ करायला घेतले. एक चित्र, खाली मोठ्या अक्षरात चार-पाच ओळी, मुलांच्या बोलीपासून सुरू होऊन पुस्तकाच्या भाषेपर्यंत नेणाऱ्या. निवृत्त झाल्यावर तिने हेच काम महिन्यातल्या एका रविवारी भरणाऱ्या बैठकीत आणलं. शिक्षिका यायच्या, लोखंडी कपाटातून पाठ घेऊन जायच्या, आपले नवे आणून ठेवायच्या.

नियम एकच. कागद परत करताना त्याची मागची बाजू भरलेली हवी. तारीख, शाळा, मुलं किती आणि वर्गात काय फसलं. पाठकोरा कागद ती परत घ्यायची नाही. एकदा एका बाईंनी मागे नुसतं 'पाठ छान झाला' असं लिहून आणलं. आत्याने चष्मा वर करून विचारलं, "छान कोणाले झाला? तुले का पोट्ट्यायले?" बाई कागद घेऊन परत गेल्या आणि पुढच्या महिन्यात खरं लिहून आल्या. पाऊस होता, चौदा मुलं होती आणि पत्र्यावरच्या आवाजात आपण काय वाचलं ते आपल्यालाच ऐकू आलं नाही. आत्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्या हसल्या आणि मग सगळ्यांनी मिळून पावसाळ्यात काय शिकवायचं यावर तासभर डोकं चालवलं. बैठक म्हणजे हेच असायचं.

दुसरं तिचं काम म्हणजे एक रजिस्टर. भाषाशिक्षकांसाठी कुठे प्रशिक्षण निघालं, कुठे शिष्यवृत्ती आहे, कोण पुस्तकपेटी फुकट देतं, कोणत्या कार्यशाळेत येण्याजाण्याचं भाडं मिळतं, हे ती शोधून लिहून ठेवायची. रकाने पाच: काय, कोणासाठी, वयाची अट, शेवटची तारीख आणि आपल्यातली कोण. पाचवा रकाना तिचा लाडका होता. आमच्याकडे लग्नाळू पोरीसाठी बायका जशा माहिती काढतात, तशी ती प्रत्येक शिक्षिकेसाठी संधी काढायची आणि फोन करून सांगायची, "तुह्यासाठी स्थळ आलं हाये. घर चांगलं हाये, पत्रिका पाठव." पत्रिका म्हणजे अर्ज. स्वतः अविवाहित बाईने हे बोलावं याची बायकांना मोठी गंमत वाटायची.

गेल्या वर्षी डिसेंबरात तिने असं एक स्थळ रुक्मिणी साहूसाठी काढलं. रुक्मिणी भनपुरीतल्या एका प्राथमिक शाळेत अतिथी शिक्षिका. म्हणजे काम बाकीच्यांइतकंच, पण सत्र संपलं की घरी. पुन्हा बोलावतील की नाही ते जुलैत कळायचं. वय एकतीस, या कामात चार वर्षं. माझं ऑफिसही भनपुरीत, एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी हिशोब बघतो, त्यामुळे आत्याचे कागद तिच्या शाळेत पोचवण्याचं काम माझ्याकडे असे. संधी मोठी होती. एका संस्थेची वर्षभराची शिष्यवृत्ती, दर महिन्याला मानधन, आपल्याच शाळेत भाषा शिकवायची, महिन्यातले पाच दिवस प्रशिक्षण. सगळ्या विभागातून एकच जागा. रुक्मिणीच्या सासऱ्यांनी तिच्यासाठी एप्रिलपासून टायरच्या दुकानात काउंटरची नोकरी पक्की करून ठेवली होती. ते वाईट माणूस नव्हेत, दर उन्हाळ्यात सुनेची कमाई थांबते हे त्यांना दिसत होतं. रुक्मिणीने त्यांच्याकडे एवढीच मुदत मागितली होती, हा एक अर्ज होऊ द्या. नाही झालं तर दुकान.

अर्जासोबत स्वतः केलेल्या पाठांची साठ पानं जोडायची होती. आत्या आणि रुक्मिणीने तीन रविवार बसून साठ कागद निवडले आणि पाठवायचं काम मी मागून घेतलं. असल्या कामात माझी चूक होत नाही अशी घरात माझी ख्याती आहे. शेवटच्या तारखेला मी ऑफिसजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याच्या मशीनमध्ये गठ्ठा ठेवला की ते एकेक कागद ओढून स्कॅन करतं. साठ कागद ठेवले, साठ पानं निघाली. मी दोनदा मोजली. फाइल पाठवली, पोच आली. दोन दिवसांनी आपल्याकडे एक प्रत असावी म्हणून फाइल उघडली... गठ्ठा मी उलटा ठेवला होता. चित्र एकही नव्हतं, पाठ एकही नव्हता. साठच्या साठ मागच्या बाजू गेल्या होत्या. रुक्मिणीच्या चार वर्षांत जे जे फसलं, ते सगळं तिच्याच अक्षरात, तारखेसकट.

मी तडक ब्राह्मणपाऱ्यात गेलो. आत्याने ऐकून घेतलं.

"किती पानं गेली?"

"साठ."

"मोजली होती?"

"दोनदा."

"मोजली दोनदा, पाह्यलं एकदाही नाही." तिला एवढी चिडलेली मी पूर्वी पाहिलेली नव्हती. "आता हे मले काहून सांगून राहिला? वर्ष तिचं हाये. तिले सांग. फोनवर नोको, जाऊन सांग."

शाळेच्या व्हरांड्यात मी रुक्मिणीला सांगितलं.

"पूरे साठ, भैया?"

"पूरे साठ."

"वो भी गया, जिसमें लिखी हूँ कि बच्चे सो गए?"

"हव."

"उसमें तो ये भी लिखा है कि मैं भी सो गई थी." एवढं म्हणून ती पायरीवर बसली. हसू येत होतं की रडू, तिलाही कळलं नसावं. मग म्हणाली, "ससुर जी को क्या बोलूँगी?"

रविवारी मी संस्थेला पाठवायचं खुलाशाचं पत्र लिहून नेलं. चूक माझी आहे, अर्जदाराची नाही, योग्य कागद स्वीकारावेत, असा मजकूर. आत्याने ते वाचलं आणि रुक्मिणीच्या देखत माझी उलटतपासणी सुरू केली.

"चुकीनं भलतेच कागद गेले, असं लिहिलं तू. भलतेच म्हंजे कोणाचे?"

"हिचेच आहेत."

"त्यात खोटं काही हाये?"

"नाही."

"मंग भलतेच कसे? ज्यायले शिकवणं समजते ते वाचतील. ज्यायले नाही समजत त्यायच्या घरी आपल्याले पोरगी द्यायचीच नाही. फाड ते."

मी ते फाडलं नाही, फाइलला लावलं. पण पाठवलंही नाही. त्या दिवसापासून आत्याने रुक्मिणीला एकाच प्रश्नावर धरलं. एकेक कागद उलटा समोर ठेवायचा आणि विचारायचं, "दुसऱ्या दिवशी काय केलं?" रुक्मिणी सांगायची. काही कागदांवर ती अडायची, दुसऱ्या दिवशी काहीच केलेलं नसायचं. तसं असेल तर तसंच सांगायचं, अशी ताकीद होती. तीन रविवारांत साठ कागद संपले.

मार्चमध्ये मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत व्हिडिओवर होती आणि आमच्या चौबे कॉलोनीतल्या घरचं इंटरनेट बरं म्हणून आमच्याच जेवणाच्या टेबलावर झाली. आत्या कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात बसली. बायकोला मिक्सर लावायची मनाई होती. समोर तीन परीक्षक. वेळ वीस मिनिटांची ठरलेली. पहिलाच प्रश्न एका बाईंनी केला, "चौंतीसवें पन्ने पर लिखा है कि बाईस में से बीस बच्चे नहीं पढ़ पाए. बाकी दो कैसे पढ़ गए?"

रुक्मिणी म्हणाली, "पढ़े नहीं थे मैडम, याद कर लिए थे. अगले दिन मैंने लाइनें काटकर ऊपर-नीचे कर दीं, तब पकड़ में आए."

तिघेही हसले आणि तिथून गाडी सुटली. कोणता शब्द अडला, मुलांनी त्याला काय म्हटलं, मग पान कसं बदललं... रुक्मिणी छत्तीसगढीत घसरायची, परत हिंदीत यायची, पण थांबली नाही. दोन ठिकाणी तिने सरळ सांगितलं की इथे मला अजून उपाय सापडलेला नाही. त्यावर परीक्षकांनी आपापसांतच वाद घातला. मी घड्याळ लावून बसलो होतो, मुलाखत पंचावन्न मिनिटं चालली. शेवटी त्या बाई म्हणाल्या, सगळ्या अर्जांत यशस्वी पाठ आहेत, फसलेले फक्त तुम्ही पाठवलेत. हे कसं सुचलं?

"सूझा नहीं, मैडम. भैया ने कागज़ उल्टे रख दिए थे."

आत्याने कपाळावर हात मारला. पलीकडून त्या बाईंचा आवाज आला, "उन भैया को हमारी तरफ़ से चाय पिलाइए."

मेच्या अखेरीस पत्र आलं. ती एक जागा रुक्मिणीची होती, काम सप्टेंबरपासून. मी आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "जमलं ना लग्न?" आणि फोन ठेवला. संध्याकाळी पेढे घेऊन गेलो तेव्हा ती रजिस्टर उघडून बसली होती आणि पाचव्या रकान्यात पुढचं नाव लिहीत होती. म्हणाली, "एक पोट्टी मार्गी लागली. आठ बाकी हायेत." जूनपासून तिने त्या आठ जणींपैकी तिघींचे अर्ज भरून घेतले. दोघींना पुस्तकपेट्या मिळाल्या, एकीला दहा दिवसांचं प्रशिक्षण. ऑगस्टच्या त्या शेवटच्या बैठकीत रागावली होती ती याच कारणासाठी, चौथीने शेवटची तारीख चुकवली म्हणून.

ती गेल्यावर कपाट मी उघडलं. एकेक कागद काढून बघितला, या वेळी पुढून आणि मागून. पाठ एकूण बाराशे चौदा, पाठकोरा एकही नाही. कपाट तिथेच आहे, रजिस्टर आता रुक्मिणी लिहिते. सप्टेंबरच्या बैठकीत तेरा जणी आल्या, म्हणजे आधीपेक्षा चार जास्त. आत्याची खुर्ची बाजूला ठेवायची की नाही यावर थोडी कुजबुज झाली. मग एक नवी मुलगी, जिला काही माहीत नव्हतं, त्या खुर्चीवर जाऊन बसली आणि बैठक सुरू झाली. आत्याला ते आवडलं असतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी रुक्मिणी सासऱ्यांना घेऊन आमच्या घरी आली. मानधन जमा झाल्याचा मेसेज मोबाइलमध्ये होता, सोबत आलेलं पत्र हातात होतं. सासऱ्यांनी आधी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ये पइसा हर महीना आही?"

"हव, बाबूजी. गर्मी में भी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. एप्रिलपासून थोपवून धरलेल्या दुकानाला आपण कालच नाही म्हणून कळवल्याचं सांगितलं आणि चहा पिताना सुनेकडे बोट करून माझ्या बायकोला दोनदा म्हणाले, "मास्टरिन हे," म्हणजे मास्तरीण आहे. मग रुक्मिणीने पत्र माझ्याकडे दिलं. तिने ते वाचलेलंच होतं, पण तिला ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. मी मोठ्याने वाचलं. पहिल्या महिन्याचे पंचवीस हजार रुपये, देय श्रीमती रुक्मिणी साहू, पद भाषाशिक्षिका. पदाच्या आधी 'अतिथी' लिहिलेलं नव्हतं.