न उघडलेली गाय

सव्वीस वर्षं शवागारात मेलेल्या माणसांना टाके घालून ती निवृत्त झाली, म्हणून सगळे तिला शिवणमावशी म्हणत. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. घरात ती आणि एक तांबडी गाय. भिंतीपलीकडे दीर. मागच्या अंगणाच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं जेवढ्यास तेवढं.

संध्याकाळी धडधाकट असलेली गाय सकाळी मरून पडली. नाकातून काळसर रक्त आलेलं, आणि ते गोठत नव्हतं. न गोठलेलं रक्त मावशीने टेबलावर बरेचदा पाहिलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या कागदावर विष लिहिलेलं असे. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आदल्या दिवशी दिराने आपणहून चाऱ्याची पेंढी आणून टाकली होती. सात वर्षांत पहिल्यांदाच.

जनावरांची डॉक्टरीण आली ती हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधूनच. तिने कानाला टोचून थेंबभर रक्त काचेवर घेतलं, नाकपुड्यांत कापसाचे बोळे कोंबले आणि म्हणाली, "उघडायची नाही. मी दुपारपर्यंत कळवते. तोवर कुणी हात लावू नका."

"उघडल्याशिवाय कळणार कसं?" मावशी म्हणाली. "माणूस असा गेला असता तर शवविच्छेदन झालं असतं."

"माणसाचं वेगळं असतं, मावशी," एवढंच बोलून ती निघाली. फाटकाशी दीर तिच्याशी हळू आवाजात काही बोलला. नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं. याने हिचे हात ओले केले असणार.

मावशीने सुरी काढली. दीर धावत आला.

"वहिनी, डॉक्टर नको म्हणाल्यात."

"तुम्हाला कशाची भीती वाटते, भाऊजी?"

"मला कशाला भीती वाटेल?" तो म्हणाला, पण नजर चुकवून.

सुरी पोटाला टेकली आणि हात थबकला. आदेशाचा कागद आल्याशिवाय तिने उभ्या आयुष्यात एकही देह उघडू दिला नव्हता. मोठ्या डॉक्टरांनाही अडवलं होतं. सुरी मांडीवर घेऊन ती गाईपासून हातभर अंतरावर बसून राहिली. दीर फाटकाशी. दोघं एकमेकांवर डोळा ठेवून.

दुपारी डॉक्टरीण परत आली. "काळपुळी आहे, अँथ्रॅक्स. त्यातही रक्त गोठत नाही. माणसाच्या मरणाचा संशय आला की उघडून बघतात. जनावरात या रोगाचा संशय आला की उघडायचंच नसतं. रक्ताला हवा लागली की जंतू कवच धरतात, मातीत वर्षानुवर्षं राहतात. तुम्ही चिरलं असतं, तर तुम्हालाही झाला असता."

मावशीने सुरी बाजूला ठेवली. "फाटकाशी भाऊजी काय विचारत होते?"

"त्यांच्या दोन गाईंना धोका आहे का, ते."

"आणि रोग आला कुठून?"

"मातीतून, चाऱ्यातून. नेमकं सांगता येत नाही."

मावशीने दिराकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

खड्डा त्यानेच खणला, पुरुषभर खोल. डॉक्टरणीने चुना टाकून घेतला, त्याच्या गाईंना लस टोचली. संध्याकाळी मावशीने त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला. त्याने आधी पेल्यात नीट वाकून पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मगच तोंडाला लावला.