बोंबलांवरचे कावळे आणि मोना सागरची कॅसेट

भूत, करणी, दृष्टांत... यांपैकी कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. सत्कार समारंभांवरही नव्हता. तरी हे लिहितोय, कारण इतक्या वर्षांत याचा निकाल मला लावता आलेला नाही.

कॅसेटचे दिवस होते. मी बोईसरच्या एका कारखान्यात केमिस्ट होतो आणि घिवलीला जमनाकाकींकडे भाड्याने राहत होतो. काकी मासळी सुकवून विकायच्या, घरात एकट्या. त्यांची मुलगी हिरा तरुणपणीच मुंबईला निघून गेली आणि तिथे मोना सागर झाली. लावणी, कव्वाली, अंगाई, क्लबातलं गाणं — बाई काहीही गायची, आणि दर वेळी आवाज निराळा. घरी मात्र कधी परतली नाही. काकींनी रागाने रेडिओच घेतला नाही, त्यामुळे लेकीचं एकही गाणं त्यांनी ऐकलं नव्हतं. मग हिरा मुंबईतच आजारपणात गेली. इकडे कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

पुढे रेकॉर्ड कंपनीने तिच्या गाजलेल्या गाण्यांची कॅसेट काढली. कव्हरवर पुढे 'स्वरसम्राज्ञी', मागे 'सुरांची राणी' — एकाच बाईला दोन पदं. चिंचणीत समारंभ झाला. पालघरहून आलेल्या पुढाऱ्यांनी भाषणभर तिला मीना म्हटलं. काकींना शाल, नारळ आणि कॅसेट मिळाली. गाणं एकही वाजलं नाही. माइक भाषणांत गुंतला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकी माझ्या दारात.

"तुमच्याकडं टेप हाय ना? लावा. पोरीचा आवाज आयकाचा हाय मला."

अंगणात बसलो. समोर बांबूंवर बोंबील वाळत होते, त्यावर कावळे. काकींच्या मांडीवर काठी.

लावणी लागली.

"ही कोन?"

"हिराच, काकी."

"नाय. ही माजी नाय."

कव्वाली लागली. "हिचा तर घसा बसलाय. हिला आधी काढा द्या."

अंगाईला त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. मला वाटलं, ओळखलं. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "गोड हाय. पन दुसऱ्या कुनाची तरी पोर हाय ही."

"काकी, आवाज बदलणं हेच तर तिचं कसब होतं..."

"येवढे आवाज काढले," त्या म्हणाल्या, "माजा कुठं ठेवला?"

मी टेप तसाच पुढे चालू दिला.

शेवटचं गाणं क्लबातलं. ड्रम, ट्रम्पेट, मध्ये नुसतं ला ला ला. आणि तिथे... बोंबलांवरचे सगळे कावळे एकदम उठले. एकही मागे राहिला नाही. काठी काकींच्या मांडीवरच होती.

काकी ताठ बसल्या. "आयकलंत?"

"काय?"

"हिनं हाकललं."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी हिरा बोंबील राखायला बसायची. दगड मारायची नाही, लांब हाळी द्यायची — तिची स्वतःची, घरात दुसऱ्या कुणाला न जमलेली. मुंबईला गेली तीही अशाच एका राखणीवरून, कुणाला न सांगता.

मला तर फक्त ट्रम्पेट ऐकू आला होता. कावळे परतल्यावर मी टेप मागे घेऊन तीच जागा पुन्हा लावली. कावळे बसून राहिले. एकाने बोंबलाला चोचही मारली. आणखी एकदा लावली. काही नाही. परत बटणाकडे हात नेला तर काकींनी तो धरला.

"नका तिला फिरफिरून राबवू."

त्या उठल्या, बोंबलांपाशी गेल्या आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "हिरा, ऊठ गो. मी बसते आता. तू जा, जेवून घे."

मी टेप बंद केला.

काकी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ट्रम्पेटला कावळे दचकले म्हणावं, तर नंतरही तो तितकाच मोठ्याने वाजला. घार म्हणावी, तर आभाळ रिकामं होतं. वाऱ्याचं म्हणावं, तर बोंबील सरळ लोंबत होते. आणि म्हातारीचं मन राखायची कावळ्यांना काही गरज नव्हती.

कॅसेट माझ्याकडे आहे. ती जागा मी अजूनही लावून बघतो, कान देऊन... ट्रम्पेटच ऐकू येतो. पूर्वी याने मी बरोबर ठरायचो. आता फक्त वाईट वाटतं.