सुईवरची बाही

मावशी चालता चालता विणायच्या. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि परत. मनगटाला पिशवी, पिशवीत लोकरीचा गुंडा, नजर समोर. पोरं चिडवायची, "मावशी, स्टेशनपर्यंत जाऊन या, मफलर पुरा होईल." "होऊ दे, तुझ्याच तोंडाला बांधते," म्हणत त्या वळायच्या. एकट्याच राहायच्या. बसत का नाही विचारलं तर म्हणायच्या, "बसलं की डोकं चालू होतं."

मी नुकतीच बी.कॉम. झाले होते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी तेव्हाही सांगायचे, आताही सांगते. नोकरी लागायची होती, आणि ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे, पण ताई जरा कण्हली की सगळे एकदम उठून उभे राहायचे. मी तर दिवसभर खिडकी ते दार, दार ते खिडकी. मावशींनी ते पाहिलं. "चालतेच आहेस, तर हात रिकामे कशाला?"

त्या मला घेऊन उल्हासनगरला लोकर आणायला गेल्या. दुकानदाराने विचारलं, "गुलाबी दूँ या नीला?"

"पीला दो, साईं. कोई भी आए, चलेगा," मावशी म्हणाल्या.

शिकणं कसलं, झटापटच. मी टाके इतके आवळायचे की सुई आत शिरेना. "दोरखंड वळतेस का गं? सैल धर. लोकर पळून नाही जात." सुलट-उलट चुकलं की बोलायच्या नाहीत. सरळ उसवायच्या आणि टोक परत माझ्या हातात द्यायच्या.

बाळाच्या स्वेटरची पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. दुसरी बाही खांद्यापासून विणत मनगटापर्यंत आणली, तर मावशींनी माझा हात धरला. "टाके बंद करू नको. सुईवरच राहू दे. बाळ आलं की मग."

मला रागच आला. "आमच्या घरात असलं काही मानत नाहीत, मावशी. पप्पांनी मला एवढं शिकवलं ते यासाठी?"

"मी तरी कुठं मानते?" त्या म्हणाल्या. "एकदा आधीच पुरं केलं होतं. माझ्या बाळाचं."

आणि चालू लागल्या. मी टाके बंद केले नाहीत.

ताईला दवाखान्यात नेलं तेव्हा मावशी आल्या. व्हरांड्यात फेऱ्या सुरू, पण हात रिकामे. स्वेटर माझ्या पिशवीत होतं. नर्स वैतागली. "बाई, बसा ना एका जागी."

"बसवत नाही गं."

आतून रडण्याचा बारीक आवाज आला. मुलगी झाली होती, ताई बरी होती. मावशी थांबल्या, बाकावर बसल्या. त्यांना बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. "कर आता बंद."

मी केलं, पण घाईघाईत टाके असे ओढले की काठ पार आवळून गेला. बाही शिवून घातली, तर भाचीची मूठ काही त्यातून बाहेर येईना. मावशी डोळे पुसत हसल्या. "उसव. आता कितीदाही उसव."

पुढे त्या भावाकडे गावी गेल्या, आणि तिकडेच वारल्या. माझ्या लेकीच्या वेळी मी पिवळीच लोकर आणली. दिवस भरत आले तेव्हा नवऱ्याने सुईवरची बाही उचलून पाहिली. "एवढंसंच तर राहिलंय. पुरं का करत नाहीस?"

"करते," म्हणाले, आणि ती त्याच्या हातातून घेऊन गॅलरीत फेऱ्या घालू लागले.