शेगडीवरचा मध

मध तापवला की त्याचं विष होतं, हे मला आईनं सांगितलं आणि आजही मी तेच सांगतो. माझी शाळा दुसरीतच सुटली, पण एवढं कळायला शाळा लागत नाही.

सत्तरच्या पुढची सालं असतील. मेंढरं भावाच्या हवाली करून मी सोलापुरात हातगाडी ओढायला लागलो होतो. त्या वर्षी बायकोला खोकला धरला. डॉक्टरच्या बाटल्या झाल्या, उतार पडेना. पुढं पुढं एक वाक्य पुरं होईना तिचं. आमच्या घरात बोलायची ती आणि ऐकायचो मी. तिनं मला रागं भरायचं सोडलं, तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला.

नव्या पेठेमागच्या बोळात एक म्हातारे हकीम होते. मिरी, सुंठ, दालचिनी, पिंपळी कुटून, ज्येष्ठमधाच्या काढ्यात आणि मधात कालवून ते खोकल्याचं चाटण करायचे. माजून म्हणायचे त्याला. मध अस्सल पाहिजे म्हणाले, म्हणून भावानं लिंबावरनं काढलेला घेऊन गेलो. तर त्यांनी तो माझ्या डोळ्यांदेखत कल्हईच्या पातेल्यात ओतून शेगडीवर चढवला!

मी उपरण्यानं धरून पातेलं खाली उतरवलं. हकीम रागावले नाहीत. हातातला फेस काढायचा झारा तसाच धरून म्हणाले, “मामा, पकाके झाग निकाले बगैर माजून टिकता नै.”

“न टिकू दे. बायकोला इख न्हाय घालायचं मला.”

काढा, मसाल्याची पूड आणि मध उचलला आणि घरी माझ्या हातानं चाटण कालवलं. थोडा मध मागं ठेवला. चाटणाच्या बरणीला फडकं घट्ट बांधून ती पत्र्याखालच्या फळीवर ठेवली. उन्हाळा लई होता. चाटण आंबून फुगलं, फडकं सुटलं आणि सगळं भिंतीवरनं ओघळत पिठाच्या डब्यावर आलं. बायको हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि ते काही थांबेना.

दुसऱ्या दिवशी उरलेला मध घेऊन ती हकीमांकडं गेली. मला विचारलं नाही. संध्याकाळी बघतो तर फळीवर नवी बरणी, आणि ही बोट चाटत बसलेली. तापवला का, म्हणून विचारलं. मान हलवून व्हय म्हणाली.

मग मी रोज दुपारी गाडी नाक्यावर सोडून घरी यायला लागलो. दारात उभा राहून तिचं तोंड बघायचं, श्वास बघायचा आणि परत जायचं. असे बरेच दिवस गेले. एका दुपारी ती भाकरी थापताना वळली.

“काय बगायला येताय रोज? मेले न्हाय मी अजून. जावा, गाडी वडा. आन येताना मीठ घिऊन या, सकाळधरनं सांगतीया.”

सगळं एका दमात. मधे खोकला नाही. मी मीठ आणलं.

पुढं दर हिवाळ्यात हकीमांकडं मध मीच पोचवायचो. पायरीवर रस्त्याकडं तोंड करून बसायचो, शेगडी पाठीमागं. हकीम आतनं विचारायचे, चढवू का मामा?

“मी काय बगतोय व्हय,” म्हणायचो.