जयपूरला सुनंदाच्या चुका काढायला गेले होते

सुनंदाने आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं की मी तिच्या केंद्राचं कौतुक करायला मुद्दाम जयपूरला गेले. हे खोटं आहे. ग्रुपवर वाद घालणं मला आवडत नाही, म्हणून इथे लिहिते. मी चुका काढायला गेले होते.

सांगलीत एका सरकारी संस्थेत मी एकोणतीस वर्षं सुतारकाम शिकवलं. सुनंदा कॉलेजात माझ्या वह्या उतरवून पास झाली. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे ती जयपूरला गेली आणि साठीच्या आसपास तिथे सुतारांना शिकवून, परीक्षा घेऊन दाखले देणारं केंद्र काढून बसली. तिथले कारखाने तो दाखला बघून माणूस कामावर घेतात. माझ्या विद्यार्थ्यांचे दाखले कुणी उघडूनही बघत नसे.

पुण्याहून रेल्वेने जवळजवळ एक दिवस लागतो. जेवण घरून न्या. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर बॅगेत सगळ्यात वर ठेवा, पहाटे उतरल्या उतरल्या लागतो. स्टेशनवरून तिलक नगरला जायला रिक्षावाला तीनशे म्हणाला, एकशे ऐंशीला आला. दार सुनंदाच्या मुलीने, केतकीने उघडलं. जन्मापासून जयपुरात वाढलेली. "मावशी, आई तुमचं नाव खूप घेते," ती म्हणाली. "मतलब, मला घाबरवायला."

संध्याकाळी बिर्ला मंदिर पाहिलं. संगमरवर उन्हं उतरताना बघावा. सुनंदा पायऱ्या न थांबता चढली, तेही मी लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र, सुनंदाचं केंद्र तिथे आहे. सीकर रोडवर ट्रक फार, आठच्या आत निघा आणि नाकाला ओढणी बांधा. वाटेत कांद्याची कचोरी मिळते. एक पुरते, मी दोन खाल्ल्या.

केंद्र म्हणजे एक पत्र्याची शेड. मला बरं वाटलं. आत गेले आणि ते बरं वाटणं संपलं. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, तिच्यावर तेच हत्यार टांगलेलं. पटाशी जागेवर नसेल तर दारातूनच कळतं. माझ्या कार्यशाळेत हे करायला मी चारदा अर्ज दिला होता.

त्या दिवशी परीक्षा होती. बाहेरचा परीक्षक आला नाही, म्हणून सुनंदाने गुणपत्रिका माझ्या हातात दिली. चौकटीचा सांधा करायचा होता, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत ठोकून बसवायची. सात जण होते. सगळ्यात वयस्कर बनवारीलाल, पन्नाशी ओलांडलेले. चाकसू गावाहून दोन बस बदलून आले होते. एका फर्निचर कारखान्यात त्यांच्यासाठी मुख्य मिस्त्रीची जागा ठेवली होती, पण आजचा दाखला हातात असेल तरच.

त्यांच्या सांध्याच्या कडेचा टवका उडाला होता. मी काटकोन बघायचा गुण्या लावला, टवक्यावर बोट ठेवलं आणि नापास लिहिलं. खरं सांगते, लिहिताना मला आनंद झाला. शेजारच्याचा सांधा आरशासारखा होता, त्याला पहिला नंबर दिला.

बनवारीलालांनी सांधा पुन्हा माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "मैडमजी, चिरवा दीजिए।"

मला कळेना. सुनंदाने समजावलं की तिच्या केंद्रात कुणाला गुण मान्य नसतील तर सांधा उभा चिरून आत बघतात. पण आत खोट निघाली तर वर्षभर पुन्हा परीक्षेला बसता येत नाही. तिने त्यांना दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा मान हलवली आणि करवत स्वतःच उचलली.

दोन अर्धे उघडले. जीभ खाचेत तळापर्यंत बसलेली, कागद जाईल एवढी फट नाही. टवका फक्त वरचा होता, शिसवाच्या लाकडातल्या आडव्या रेघेमुळे उडालेला.

"दुसराही चिरा," मी म्हणाले.

"त्याने मागितलेलं नाही," सुनंदा म्हणाली.

"मी मागते."

सुनंदाने त्या माणसाकडे पाहिलं. त्याने हो म्हटलं, पण फार हळू. आत पोकळी होती, सरसात कालवलेल्या भुशाने भरलेली. एकोणतीस वर्षं मी सांधे बाहेरूनच तपासले. असे किती पास केले असतील, कोण जाणे.

दोघांना दिलेले माझे गुण मीच खोडले, बाजूला सही केली. बनवारीलालांना दाखला मीच दिला. त्यांनी तो घडी न घालता दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला आणि बस चुकेल म्हणून चहाही न घेता गेले. सुनंदा करवत पुसून तिच्या आकृतीवर टांगत होती. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन आठ दिवस झाले. जयपुरी रजई आणली का, असं विचारणाऱ्यांना सांगते, नाही आणली. हेवा गेला का? नाही. उलट आता त्याला कारण आहे.

काल माझ्या जुन्या कार्यशाळेत, माझ्या जागी आलेल्या शिक्षिकेकडे दिलं ते असं: बनवारीलाल यांच्या सांध्याचे दोन अर्धे, शिसवी. दुसऱ्या सांध्याचे दोन अर्धे, भुशासकट, नाव न लिहिता. हे अर्धे नेऊ देण्याची सुनंदाची परवानगीची चिठ्ठी. माझ्या गुणपत्रिकेची प्रत, खोडलेल्या गुणांसह. एक करवत, नवी. मिळाल्याची सही घेतली.