आंदणाचं रेडकू

मी दूध सोडलं त्याला तीन वर्षं झाली होती आणि माहेरी तो अजून थट्टेचाच विषय होता. नवीन जालन्याहून मी गावी आले की वहिनी चहाचं आधण ठेवताना हटकून विचारायची, "ताई, तुमच्या चहात दुधाच्या जागी काय घालू? पाणी, का अजून पाणी?" दादा, माझा थोरला भाऊ, तर पाहुण्यांना माझी ओळखच तशी करून द्यायचा. "ही आमची बाई. शाळंत शिकवती. मटण सोडलं, अंडं सोडलं, आता दूधबी सोडलं. फकस्त हवा खायची राह्यली." सगळे हसायचे, मीही हसायचे.

हसण्यावारी नेण्यामागं कारण होतं. आमच्या माणसांच्या ताटात काय आहे यावरून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या नाकं मुरडली आहेत. तेव्हा आमच्यातल्याच एकीनं हे नको, ते नको म्हणायला लागलं की घरच्यांच्या जुन्या जखमेवरची खपली निघते. विहारात एका मावशीनं तोंडावर विचारलं होतं, "बामणीण झालीस का गं?" मी म्हणाले, "मावशी, त्यांच्या पुरणपोळीवर तूप असतं. मी तेही खात नाही." कुणी काय खावं हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. भाकरी, पिठलं, ठेचा, कारळाची चटणी, आमचं निम्मं जेवण तसंही जन्मापासून बिनदुधाचं आहे. मला स्वतःला काही फार जड गेलं नाही.

दूध का सोडलं तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी अशाच सुट्टीत मी पहाटे गोठ्याकडं गेले, तर म्हैस काहीतरी चाटत उभी. जवळ गेल्यावर कळलं की ते तिचं मेलेलं रेडकू होतं. म्हणजे त्याचं कातडं, आत भुसकट भरून शिवलेलं, चार काटक्यांवर उभं केलेलं. धर्मांतरानंतर आजोबांनी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं तेव्हापासून आमच्या घरात कुणी कातड्याला हात लावत नाही, म्हणून दादानं बाहेरचा माणूस बोलावून हे करून घेतलं होतं. म्हैस ते भुसकट चाटत होती, तिला पान्हा फुटत होता आणि वहिनी खाली बसून धार काढत होती. त्याच दुधाचा चहा मी अर्ध्या तासानं प्यायले. प्यायल्यावर परसात जाऊन ओकले. तो माझा दुधाचा शेवटचा चहा.

आमच्याकडं रेडकू कुणी मारत नाही, हे आधी स्पष्ट करते. असं कुणी केलं तर सगळं गाव त्याला नावं ठेवील. म्हशीला वगार झाली, म्हणजे मादी, तर तिच्यासाठी एक सड राखतात, कारण ती उद्याची म्हैस. रेडा झाला तर त्याला आईजवळ सोडतात ते फक्त पान्हा फुटेपर्यंत. चार ढुशा, दोन घोट, की दाव्याला हिसका. मग दिवसभर ते खुंट्याला बांधलेलं, कडबा हुंगत. त्याला कडबा खाता येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. महिन्या-दीड महिन्यात ते 'जातं'. हाच शब्द आहे. रेडकू गेलं म्हणतात, जसं काही त्याला बाहेरगावी काम होतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि वहिनीचा फोन आला, "ताई, म्हैस जनली." मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "रेडा," आणि लगेच कापूस वेचायला बायका मिळत नाहीत ते सांगायला लागली. मी फोन ठेवला आणि बॅग भरली. हे रेडकू मी जाऊ देणार नव्हते. कसं, ते मला ठाऊक नव्हतं, पण ठरलं ते ठरलं.

वाटूर फाट्यावर दादा मोटारसायकल घेऊन आला होता. घरी पोचल्यावर मी हातपाय न धुताच गोठ्यात गेले. रेडकू पाच दिवसांचं होतं. तपकिरी काळं, कान अंगाच्या मानानं भलतेच मोठे, आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. दावं इतकं आखूड की मान खाली टेकवता येत नव्हती. मी ते सैल केलं. त्यानं माझी बोटं तोंडात धरली आणि चोखायला लागलं. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

रात्री जेवणं झाल्यावर अंगणात बसलो होतो. मी म्हणाले, "दादा, मला आंदण पाहिजे."

तो चपापला. लेकीला लग्नात माहेरची गाय किंवा म्हैस देतात, ते आंदण. माझ्या लग्नात आमच्या दावणीला शेळीसुद्धा नव्हती. आईबाप दुसऱ्याच्या रानात राबत होते. पाच भांडी आणि एक लोखंडी पेटी देऊन त्यांनी मला वाटेला लावलं होतं आणि ते दादाला आजही लागतं.

"आत्ता आठवलं व्हय तुला?" तो म्हणाला. पण आवाज मऊ झाला होता. "माग. काय पाहिजे?"

"ते रेडकू."

वहिनीला हसू आवरेना. "ताई, अवो आंदणात रेडा कोण मागतं? जालन्याला काय लिफ्टनं वर नेताव का त्याला?"

"इथंच ठेवा. पण ते माझं. आणि ते जगलं पाहिजे."

दादानं दाढी खाजवली. मग म्हणाला, "दिलं. माहेरवाशीण मागून राह्यली, न्हाई कसं म्हणू? पण एक बराबर ध्यानात ठेव. रेडकू तुझं. म्हैस माझी. आन् दूध म्हशीचं."

थोडक्यात, जीव माझ्या पदरात टाकला आणि त्याचा घास स्वतःकडं ठेवला. मला तिथंच भांडता आलं असतं. पण आयुष्यभर वर्गावर शिकवल्यामुळं माझ्यात एक खोड आहे. कुणी आव्हान दिलं की मी फळ्यावर गणित सोडवून दाखवल्याशिवाय राहत नाही. मी म्हणाले, "ठेव तुझं दूध. माझ्या रेडक्याला मी पाजीन."

मी तीन वर्षं शेंगदाण्याचं दूध करत होते. दाणे रात्रभर भिजवायचे, मिक्सरला वाटायचे, फडक्यातून गाळायचे. त्यात माझा हात बसला होता. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून बाळाची बाटली आणली, निपलचं भोक सुईनं मोठं केलं आणि रेडक्याला पाजलं. ते गटागटा प्यायलं. शेपूट हलवत प्यायलं. मी दादाकडं असं बघितलं की तो शेताकडं निघून गेला. वहिनी कापूस वेचायला निघाली होती, ओटी बांधता बांधता थांबली. "ताई, त्याला पचंल का हे?"

"मला पचतं. त्याला न पचायला काय झालं?" मी म्हणाले.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते की दूध वासराचं असतं, वासरासाठीच बनलेलं असतं. आणि वासराला मात्र दाणे वाटून पाजत होते. माझं बोलणं मला स्वतःलाच कळलेलं नव्हतं. पण त्या दोन दिवसांत मी गोठ्यातून अशी हिंडत होते, जशी सगळ्या गावाला धडा शिकवायला आले होते.

तिसऱ्या दिवशी रेडकू उठलं नाही. मागचे पाय घाणीनं भरलेले, पातळ हगवण लागलेली, डोळे आत गेलेले. घरात मी एकटी. सगळे रानात. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि फोनवर फोन केले. दुपारी गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी त्याची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, पटकन खाली बसली नाही.

"काय पाजलं?"

"शेंगदाण्याचं दूध."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या शाळेचा विषय निघाला होता, म्हणून ते मला मॅडम म्हणत होते. "मॅडम, याचं पोट अजून फक्त आईच्या दुधाचं आहे. दाणेबिणे त्याला उतरत नाहीत. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी बोललो नसतो. तुम्ही तर शिकलेल्या." सलाईन लावून झाल्यावर जाताना म्हणाले, "उद्यापर्यंत तग धरला तर आईला पिऊ द्या. थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा. दुसरं औषध नाही."

त्या दिवशी मला माझी जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती. दादानं निदान त्याला उपाशी ठेवलं होतं. मी त्याला माझ्या तत्त्वानं मारत होते. पण लाज वाटली म्हणून जालन्याला निघून जायचं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. चूक माझी होती, मागणं चुकीचं नव्हतं.

संध्याकाळी दादा आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मग म्हणाले, "माझी चूक झाली. आता मला म्हशीचं दूध पाहिजे. माझ्यासाठी न्हाई, तिच्या पोरासाठी. एक सड, रोज, ते जगंपर्यंत."

"बाई, तुला काय वाटतं, मी कसाई हाय?" तो एकदम चिडला. "म्या लहान असताना आपल्या घरचं पाणी कुणी घेत नव्हतं, दूध तर लांबच. आता सकाळी डेअरीच्या गाडीत पयला कॅन आपला ऱ्हातो. आपलं दूध सगळ्याच्या दुधात जातं. एक दिस कमी गेलं तर चार लोक इचारत्यात, काय झालं म्हणून. ह्याच्यासाठी बाप मेला आपला, राबून राबून."

तो खरं बोलत होता. दावणीची ती म्हैस आमच्या घराला नुसती म्हैस नव्हती, आणि हे मलाही त्याच्याइतकंच कळत होतं. घराण्याची सगळी इज्जत त्या कॅनमध्ये होती. पण मी पुन्हा गोठ्याकडं बघितलं आणि माझं मन हललं नाही.

"इचारतील त्यांना सांग," मी म्हणाले. "आमच्या घरी म्हशीचं लेकरू आधी पितं. ह्याच्यात कमीपणा कसला, दादा? आपल्याला उपाशी ठिवून लोकांनी आपल्याकडून काम करून घेतलं, ते आपण बराबर म्हणतो का?"

तो उठून बाहेर गेला. वहिनी भाकरी थापत होती. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "दरवेळी त्याचं दावं मीच वढते, ताई. कुणी इचारलं न्हाई मला कसं वाटतं ते." आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

सकाळी रेडकू जिवंत होतं. मी रात्रभर त्याच्याजवळ होते, पण त्यात माझं श्रेय काही नाही. ते जगायलाच निघालं होतं. वहिनी बादली घेऊन म्हशीच्या कुशीला बसली. दादा कॅन घेऊन दारात. मी रेडक्याला उचलूनच आणलं, कारण त्याला चालवत नव्हतं. म्हशीनं मान वळवून त्याला हुंगलं आणि घशातून खोल हुंकार काढला. त्याला सड सापडेना. मीच तोंडात दिला. ते हळूहळू चोखायला लागलं आणि बघता बघता म्हशीला पान्हा फुटला. चारी सड ताठले.

"वढ," दादा म्हणाला. सवयीनंच म्हणाला असेल.

दावं माझ्या हातात होतं. मी ओढलं नाही.

"बाई, वढ की! पान्हा वाया चालला."

"वाया न्हाई चालला."

दादानं वहिनीकडं बघितलं. आता तिनं हात पुढं करून रेडक्याला बाजूला सारलं असतं तर मी एकटी काय करणार होते? वहिनी उठली. रिकामी बादली तिनं भिंतीशी उपडी घातली आणि तिच्यावर बसली. "मला काय घाई न्हाई," ती म्हणाली. "राह्यलेलं काढू."

रेडकू पीत होतं. मधेच दमायचं, डोळे मिटायचं, पुन्हा चोखायचं. एकदा त्यानं क्षीणशी ढुशी मारली. म्हैस चाटत होती, शेपटीपासून मानेपर्यंत आणि पुन्हा शेपटीपासून. डेअरीची गाडी येऊन हॉर्न वाजवून गेली. दादा जागचा हलला नाही. आणि मग रेडक्यानं सड सोडला. कुणी ओढलं नव्हतं, हिसका दिला नव्हता. पोट भरलं म्हणून सोडला. तोंडाला फेस तसाच, ते आईच्या पायाशी बसलं आणि मान टाकून झोपलं.

मी गुरांच्या गावात वाढलेली बाई. पन्नाशी उलटली माझी. पोट भरल्यावर आपणहून सड सोडणारं रेडकू मी कधी पाहिलंच नव्हतं, हे मला तिथं उभं असताना कळलं. दादाची निम्मी हयात त्या गोठ्यात गेली आहे, म्हणून मी त्याला विचारलं, "दादा, तू कधी पाह्यलं होतं का असं?"

त्यानं कॅन खाली ठेवून त्या झोपलेल्या रेडक्याकडं बघितलं. मग म्हणाला, "न्हाई."