कालव्यावरची हाक

पळून आल्यावर माणसाने गुपचूप बसावं, पाणी प्यावं, पाय लांब करावेत. आमच्याकडे तसं होत नाही. आमच्याकडे मनोगत असतं. निरोप समारंभ असो, शाळेची सहल असो की अर्धमॅरेथॉन, कोणीतरी माइक आणतो, त्यावर टिचक्या मारतो, आणि मग एकेकाने उठून आपल्याला कसं वाटलं ते सांगायचं. मी मास्तर. आजवर शेकड्यांनी मनोगतं ऐकली, त्यातली निम्मी मीच पोरांना लिहून दिलेली. पण त्या सकाळची मनोगतं आठवली की अजून बसल्या जागी चुळबुळ सुरू होते.

शर्यत कालव्याच्या कडेने होती. पाटबंधारे खात्याची जीप जाते तो मुरमाचा कच्चा रस्ता, साडेदहा किलोमीटर जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. जानेवारी महिना, रब्बीचं पाणी सोडलेलं, कालवा काठोकाठ. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गहू, हरभरा, मध्येच कुठे वेचणीला आलेली कपाशीची पऱ्हाटी. शेतकऱ्यांनी रस्त्यावरून आडवे पाइप टाकून पाणी उचललेलं, त्यामुळे दर दोनशे पावलांवर उडी मारावी लागायची. मला त्या पाइपांचा भयंकर राग यायचा. लय बसली की पाइप, लय बसली की पाइप.

माझ्या जोडीदाराला मात्र त्यांचं कौतुक. तो मोटारी भरतो, म्हणजे पाण्यातल्या, जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळतो. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात, मीही. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो, मग मी पुढे शिकून डी.एड. केलं आणि तो त्याच्या अब्बांच्या दुकानात बसला. पळताना कालव्यावरची एखादी मोटार घरघरली की तो कान देऊन म्हणायचा, "हे माह्या हातची आहे. आवाज पाह्य कसा गोल येऊन राह्यला." मी म्हणायचो, "पय बे गुपचूप, टाइम चालला."

पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही पळायला लागलो ते त्याच्या शुगरमुळे. डॉक्टरांनी चाल म्हटलं, याने पळायचं ठरवलं, आणि एकट्याने पळायला लाज वाटते म्हणून मला ओढलं. दोन वर्षं रोज सकाळी आम्ही दोघं आमच्या गावच्या, दुसरबीडच्या रस्त्याने पळालो. मी पुढे, तो चार पावलं मागे. लांब पळाल्यावर त्याची साखर एकदम खाली येते, हात थरथरतात. म्हणून ग्लुकोजची पुडी बरोबर ठेवायची. खिशात काही असलं की मांडीला घासतं अशी त्याची तक्रार, त्यामुळे पुडी माझ्या कमरेच्या पाउचमध्ये. हे इतकं नेहमीचं होतं की आम्ही त्याबद्दल कधी बोलायचोही नाही.

त्या दिवशी मला अडीच तासांच्या आत यायचं होतं. स्टाफरूममध्ये मी तशी बढाई मारून ठेवली होती, आणि आमच्या स्टाफरूममध्ये एकदा बोललेलं कोणी विसरत नाही. परतीच्या वाटेवर, सोळाव्या किलोमीटरच्या दगडापाशी, मिस्त्री वाकला. म्हणाला, "बुटात खडा गेला वाटते. तू हो पुढं, आलोच मी." मी घड्याळ पाहिलं आणि झालो पुढे.

दोन तास सव्वीस मिनिटं. शेवटच्या रेषेवर एका मुलीने गळ्यात मेडल घातलं, दुसरीने केळं दिलं, आणि यादी घेऊन बसलेल्या माणसाने सांगितलं, "सर, थांबा बरं का. पन्नाशीच्या वरच्या गटात तुमचा तिसरा नंबर दिसतोय." आयुष्यात मला पळण्याचं बक्षीस कधी मिळालेलं नाही. शाळेत असताना लिंबू-चमच्यातसुद्धा नाही. मी हसत सुटलो. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून पाउचमध्ये हात घातला आणि बोटांना पुडी लागली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. सोळाव्या किलोमीटरनंतर थोड्याच वेळात मागून हाक आली होती. "मास्तर!" आता, आमच्या तालुक्यात पळणाऱ्यांत दर तिसरा माणूस मास्तर. मी स्वतःला तेच सांगितलं, की दुसऱ्या कोणाला असेल. पण तो आवाज मी बालवाडीपासून ओळखतो. मी ऐकलं, मान वळवली नाही, आणि पळत राहिलो.

मैदानावर सतरंज्या अंथरल्या होत्या. पोहे तयार होते. प्रमुख पाहुण्यांना पुढे एका लग्नाला जायचं होतं, म्हणून निम्मे लोक कालव्यावर असतानाच कार्यक्रम उरकायचं ठरलं. मी पोह्यांची प्लेट घेतली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मिस्त्रीचा फोन माझ्या मोटारसायकलच्या डिक्कीत होता, त्यामुळे फोन करून उपयोग नव्हता. रुग्णवाहिका व्यासपीठाच्या बाजूला उभी होती, फोटोत यावी म्हणून. ड्रायव्हर पोहे खात होता. मी त्याच्यापर्यंत गेलो आणि नुसताच "गर्दी बरी आहे" असं काहीतरी बोलून परत आलो. त्याला काय सांगणार होतो? माझा माणूस मागे राहिला, त्याचं औषध माझ्याकडे आहे, आणि मी इथे बक्षिसासाठी थांबलो आहे? मागून स्वयंसेवकांची मोटारसायकल येतेच ना, असं मनाला सांगितलं. ते मनाने ऐकलं नाही, पण मी बसलो.

पहिलं मनोगत बँकेतल्या एका साहेबांचं. ते माझ्यानंतर दहा मिनिटांनी आले होते. "मित्रहो," ते म्हणाले, "आपण सगळे घड्याळाच्या मागे लागलो आहोत. पण मी आज एक माणूस पाहिला. कालव्याच्या गेटच्या ओट्यावर, पाण्यात पाय सोडून शांत बसला होता. डोळे मिटलेले. मला वाटलं, खरी शर्यत यानेच जिंकली!" टाळ्या. मी विचारलं, बसूनच, मोठ्याने, "टी-शर्ट कोणता होता?" साहेब जरा गोंधळले. "टी-शर्ट तर सगळ्यांचे सारखेच आहेत सर." लोक हसले. मीही हसलो. मिस्त्री कधी डोळे मिटून बसत नाही. दुकानातही बसला तरी एक पाय हलतच असतो.

मग पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी उभी राहिली. तिची मैत्रीण वाटेत थकली, तिच्यासाठी ही दोनदा मागे फिरली, म्हणून उशीर झाला, असं ती सांगत होती. मला ते ऐकवेना. ती पुढे म्हणाली, "येताना एक काका दिसले. ते चालत होते, पण कालव्याच्या बाजूला झोकांडून राह्यले होते. मी म्हटलं, काका सांभाळा. तर ते हसले आणि भलतंच काहीतरी बोलले, वायर आण म्हणे. मले वाटलं पिऊन आहेत. मी भ्याली, जोरात पयाली."

झोकांडत. काठोकाठ भरलेल्या कालव्याच्या बाजूला. त्या काँक्रीटच्या उतारावर शेवाळ असतं, बकरीसुद्धा घसरते.

मी उठलो तेव्हाच माइकवरून माझं नाव पुकारलं गेलं. पाहुणे चषक हातात धरून उभे होते, फोटोवाला गुडघ्यावर बसलेला. मी त्यांच्या समोरून आडवा पळत माझ्या मोटारसायकलकडे गेलो. मागे कोणीतरी म्हणालं, "सरांना घाईची लागली वाटते." लागू दे, म्हटलं.

कालव्याच्या रस्त्यावर मी गाडी कशी हाणली ते मला माहीत नाही. समोरून पळत येणारे बाजूला होत होते, शिव्या देत होते. प्रत्येक पाइपावरून गाडी आपटत होती. मी पाण्याकडे पाहत होतो, रस्त्याकडे नाही. पाण्यात एक पांढरी गोणी तरंगत आली, ती गोणीच आहे हे दिसेपर्यंत मी ब्रेक दाबून धरला.

अठराव्या दगडाच्या अलीकडे पऱ्हाटी वेचणाऱ्या पाच-सहा बायका बाभळीखाली बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध मिस्त्री. हातात स्टीलचा पेला, खांद्यावर कोणाचं तरी लुगड्याचं धडपं. मी गाडी स्टँडला लावायचं विसरलो, ती तशीच पडली.

एक वयस्कर बाई माझ्या अंगावरच आली. "तुमचाच का हो हा माणूस? येकट्याले सोडून देलं? पाण्यात गेला असता म्हंजे?"

"चुकलं, मावशी."

"मी आधी त्याच्या तोंडाचा वास घेऊन पाह्यला," ती म्हणाली. "दारूचा वास नव्हता. मंग समजलं. माह्या घरच्यालेबी साखरच आहे. गूळ घातला तोंडात, दातखीळ बसून राह्यली होती त्याची. मंग हा चहा पाजला."

एकवीस किलोमीटरच्या त्या शर्यतीत आम्ही दोनशेच्यावर शिकलेली माणसं पळत होतो. जवळ जाऊन वास घ्यावा असं एकालाही वाटलं नाही. मी तर जवळही नव्हतो.

मिस्त्रीने वर पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे ताळ्यावर आले होते. "काय टाइम आला बे?"

"दोन सव्वीस."

"वा!" तो म्हणाला. खरोखर खुश झाला. मला रडू कोसळेल असं वाटलं, म्हणून मी त्याच्यावर खेकसलो, "गाडीवर बस. दवाखान्यात चाल आधी."

"पह्यले शर्यत. गाडीवर गेलो तं मेडल नाही देत ते."

मी रागावलो, हात जोडले, मावशींनीही समजावलं. तो ऐकेना. शेवटी आणखी एक पेला चहा आणि ती पुडी त्याला माझ्यासमोर संपवायला लावली, आणि तो चालत निघाला. मी पहिल्या गेअरमध्ये त्याच्या मागे. तीन किलोमीटरला पाऊण तास लागला. तो एकदाही मागे वळला नाही.

पाहुणे लग्नाला निघून गेले होते, पण बाकी लोक थांबले होते. बातमी आमच्या आधी पोचली होती. मिस्त्रीला मेडल मिळालं, टाळ्या झाल्या, आणि अर्थातच त्याच्या हातात माइक दिला. त्याने आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. माइक पेन्सिलीसारखा धरून तो मावशींबद्दल बोलला, गुळाबद्दल बोलला. बँकेतले साहेब फार खजील झाले होते. त्यांनी विचारलं, "पण तुम्ही जोडीदाराला आवाज का नाही दिला? सर तर तुमच्या पुढेच होते."

मी सतरंजीचा धागा ओढत होतो. हात थांबला.

मिस्त्री म्हणाला, "आवाजच नाही देला जी मी. त्याचा टाइम चांगला येऊन राह्यला होता. म्हटलं कायले खराब करा."

काय टाळ्या पडल्या! पोलीस भरतीच्या मुलीने डोळे पुसले. यादीवाल्याने माझा चषक आणून माझ्या हातात कोंबला आणि वर माइकही दिला. "सर, दोन शब्द."

मी आयोजकांचे आभार मानले. पाण्याची सोय उत्तम होती असं म्हणालो. पुढच्या वर्षी पाइपांचं काहीतरी बघा, असंही म्हणालो. आणि खाली बसलो. पोरांना मनोगत लिहून देताना मी नेहमी सांगतो, मनापासून बोला. माझ्या तोंडातून पाइप निघाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची साखर तपासली, रिकाम्या पोटी गोळी घेऊन पळाल्याबद्दल त्याला झापलं आणि सोडलं. परत निघालो तेव्हा दुपार झाली होती. मी गाडी चालवत होतो, तो मागे. चषक आमच्या दोघांच्या मध्ये अडकला होता आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्या पाठीत टोचत होता. तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं. तरी दुसरबीडची घरं दिसायला लागेपर्यंत मला धीर झाला नाही.

"मिस्त्री, तुहा आवाज ऐकला होता मी."

मला वाटलं वाऱ्यात ऐकू गेलं नसेल. पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "हाव. मालूम आहे मले."

"कसं काय?"

"दोन वर्षं झाले तुह्या मागं पयून राह्यलो बे. तुही चाल नाही वळखत का मी?" तो अगदी सावकाश, मोटारीत काय बिघाड आहे ते गिऱ्हाइकाला सांगतो तसं सांगत होता. "तीन डाव आवाज देला. तिन्ही डाव तू जोरात पयाला. मंग चवथ्यांदा नाही देला."